काटेकोर

जुन्या मोटारींच्या नादी लागलेल्या माणसांत नाना जाती आहेत. कुणी क्रोम पुसतो, कुणी मूळ रंगाची छटा शोधत आयुष्य घालवतो, कुणाला हॉर्नचा आवाज जसाच्या तसा हवा असतो. या सगळ्यांपासून जरा बाजूला, डॅशबोर्डखाली डोकं आणि दाराबाहेर पाय अशा अवस्थेत एक गृहस्थ आढळतो. त्याने गाडीचा गिअरबॉक्स बदललेला असतो. इंग्लंडात राहत असेल तर मॉरिस मायनरला फोर्ड सिएराचा पाच गिअरांचा बॉक्स, इकडे असेल तर जुन्या अ‍ॅम्बेसेडरला इसुझूचा, बहुधा इंजिनासकट. गाडी झकास चालू लागते आणि स्पीडोमीटर थापा मारू लागतो. मग गृहस्थ खाली शिरतो तो पुढचे कित्येक रविवार बाहेर येत नाही. बघे म्हणतात, म्हातारपणी वेगाचं खूळ लागलं. मला हे साफ चूक वाटतं. वेगाशी त्याला काडीचं देणंघेणं नसतं. त्याचा जीव अडकलेला असतो काट्याखालच्या छोट्या खिडकीत, जिथे गाडी किती चालली त्याचे आकडे सरकतात. तो मोटारवाला नव्हेच, मुळात खतावणी लिहिणारा आहे. त्याच्या खतावणीला चाकं आहेत इतकंच.

आधी त्याचं दुखणं समजून घेतलं पाहिजे. शेजारी सहानुभूतीने म्हणतो, “पाचवा गिअर वाढला ना, मीटर चुकणारच!” हे वाक्य त्याला वर्मी लागतं. कारण मीटरची केबल गिअरबॉक्सच्या शेपटाकडून निघते, सगळे गिअर पार पडल्यानंतरच्या शाफ्टवरून. तो शाफ्ट आणि मागची चाकं यांचं गुणोत्तर तुम्ही कुठल्या गिअरात आहात यावर ठरतच नाही. बदललेला असतो तो शेपटातला वर्म, म्हणजे आट्यांचा दांडा, आणि त्याच्यावर फिरणारं बोटभर दातेरी पिनियन. स्मिथ्स कंपनीच्या इंग्रजी डायलवर बारीक आकड्यांत लिहिलेलं असतं की एका मैलाला केबलचे किती फेरे हवेत, समजा १२८०. नवा बॉक्स किती देतो, हे मोजायची पद्धत मोठी कौटुंबिक आहे. केबल मीटरमधून काढायची, आतल्या तारेला पुठ्ठ्याचा बाण टोचायचा, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. मुलाने ढकलायचं, बायकोने मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह सहा वेळा खाली आलेला मोजायचा आणि याने बाणाचे फेरे, पाव फेऱ्यापर्यंत. त्या फेऱ्यांना १६८० ने गुणून चाकाच्या इंचांतल्या त्रिज्येने भागायचं. (१६८० कुठून आले हे विचारू नये. मैलाचे ६३,३६० इंच इथपासून सुरुवात होते आणि चहा निवतो.) फेरे ८, त्रिज्या १२ इंच, तर उत्तर ११२०. म्हणजे गाडी खरोखर ताशी ४० मैलांनी जाते तेव्हा काटा ३५ दाखवतो.

आता माझा पुरावा. मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे यावर स्वस्त तोडगा असतो: काटा उपटायचा आणि ४० च्या वेगाला ४० वर बसवायचा. त्यात बाकीचे वेग चुकीचेच राहतात, आणि उभी गाडीही ताशी ५ मैलांनी निघाली आहे असं काटा सांगेल. पण हा गृहस्थ ४० च्या पुढेमागे जातो कधी? केवळ वेगाचा प्रश्न असता तर त्याने हा तोडगा हसत घेतला असता. तो संतापतो. कारण स्पीडोमीटरच्या पोटात दोन वेगळे संसार आहेत. ऑटो शुल्झने १९०२ साली पेटंट घेतलेल्या युक्तीनुसार केबल एक चुंबक फिरवते, चुंबक न शिवता अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीला ओढतो, आणि बारीक स्प्रिंग तिला आवरून धरते. काटा म्हणजे या ओढाताणीतली तडजोड. त्याला चुचकारता येतं. मैलांची चाकं मात्र सरळ दात्यांना दाते लावून फिरतात, तिथे वशिला चालत नाही. काटा वाकवल्याने वेग सुधारेल, पण १०० मैलांना ८७.५ च जमा होत राहतील. उरलेले साडेबारा मैल कुणाच्या खात्यात गेले, हा विचार त्याला झोपू देत नाही.

“फोन बघा की! जीपीएस अचूक वेग सांगतो,” हा आक्षेपही याच कारणाने त्याला लागत नाही. फोन सांगेल, पण फोनमधले मैल गाडीचे कसे होणार? नव्या गाड्यांचं उदाहरण तर त्याच्यापुढे देऊच नये. युरोपातल्या नियमांनुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नसतो. जास्त मात्र १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत दाखवलेला चालतो. कायद्याने मान्य केलेली थाप म्हणजे त्याच्या दृष्टीने नव्या पिढीच्या अधःपाताचा लेखी पुरावा.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. टायर झिजतो. नवा असताना ८ मिलिमीटर असलेली नक्षी झिजून दीडावर आली की त्रिज्या दोनेक टक्क्यांनी घटते आणि सगळं गणित पुन्हा सरकतं. त्याहून वाईट म्हणजे मुळातली खतावणीच खोटी आहे. जुन्या मीटरला पाचच आकडे. ९९,९९९ नंतर गाडी पुन्हा कोरी. आधीच्या मालकाने केबल तुटल्यावर किती वर्षं तशीच चालवली आणि विकताना कुणी ड्रिल लावून आकडे मागे फिरवले का, हे देव जाणे. अशा पायावर अचूकतेची इमारत बांधणं हा वेडेपणा नाही का? मला नाही वाटत. बदलून आलेला कारकून चार्ज घेतो तेव्हा आधीच्या साहेबाच्या काळातले घोटाळे त्याच्या डोक्यावर नसतात. सही केल्या तारखेपासूनचे असतात. आमच्या गृहस्थाची ग्लोव्हबॉक्समधली वही अशीच गाडी ताब्यात आल्या दिवशी सुरू होते. तिच्यात केबल तुटलेल्या दिवसांचे मैलही शिसपेन्सिलीने, अंदाजे असा शेरा मारून, चढवलेले असतात. मीटर मागे फिरवणारे जगात पुष्कळ. न नोंदलेले मैल स्वतःहून कबूल करणारा हा एकटाच.

उपाय सरळ असायला हवा होता. पिनियनला २० दाते, फेरे ११२० चे १२८० करायचे, तर पिनियन साडेसतरा दात्यांचं पाहिजे. दाते अर्धे मिळत नाहीत. १७ लावले तर मीटर जवळपास ३ टक्के पुढे, १८ लावले तर तितकाच मागे. दुसरा कुणीही १८ लावून घरी जेवायला गेला असता. हा लेथवाल्याकडे जाऊन केबलच्या मध्ये बसणारी छोटी डबी करून घेतो: आत दोन चाकं, एक १६ दात्यांचं, एक १४. आठास सात, हिशेब पैशाला पैसा जुळतो. फक्त दोनच चाकं एकमेकांना भिडली की दुसरं उलटं फिरतं, हे डबी बसवून, वही मांडीवर घेऊन गावाबाहेर निघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. काटा शून्याच्या अडसराला टेकून राहतो आणि खिडकीतले मैल एकेक करून उतरू लागतात. घरी परतल्यावर तो तिसरं चाक घालायला डबी खोलतो. त्याआधी वहीत नोंद होते: आजचे ६ मैल, उलट गेलेले, म्हणून १२ मिळवावेत.