पाटे किती?

अप्पा कोणत्याही पिकअपकडे समोरून बघत नाहीत. समोरून गाडी बघणं हे त्यांच्या मते फोटोग्राफरचं आणि मालकाच्या सासुरवाडीचं काम. अप्पा मागून येतात, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून मागच्या चाकापाशी उकिडवे बसतात, मान तिरकी करून हौद्याखाली डोकावतात आणि पुटपुटत मोजायला लागतात. एक, दोन, तीन... मोजून झालं की हात झटकत उठतात आणि मालकाकडे अशा नजरेनं पाहतात, की त्याला वाटावं, आपण गाडी नाही, आजार घेऊन आलोय.

‘‘पाटे कमी आहेत,’’ ते म्हणतात. पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या.

नारायणगाव ते आळेफाटा या पट्ट्यात गावागणिक एक अप्पा सापडतोच. तो मेकॅनिक नसतो, एजंट नसतो, ड्रायव्हर तर नसतोच. कुणाला पिकअप घ्यायची झाली की आधी त्याला विचारतात आणि मग बँकेला. आमचे अप्पा स्वतः एम-एटीवर फिरतात. ती गाडी बनायची थांबून जमाना झाला, पण अप्पांची चालू आहे. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, पायांपाशी पेंडीचं पोतं आणि मागे काकू. एम-एटीचं पासिंग किती, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नाही.

धाकट्या भावाला, संतोषला, पिकअप घ्यायची हुक्की आली ती 2023 च्या जुलैमध्ये. त्या महिन्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं 20 किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं आणि आमच्याकडच्या माणसाला पैसा आला की तो दोनच गोष्टींचा विचार करतो, बंगल्याचा आणि गाडीचा. बंगल्याला आर्किटेक्ट लागतो. गाडीला अप्पा.

अप्पा ओट्यावर बसले, चहा बशीत ओतला आणि मुलाखत सुरू झाली.

‘‘काय टाकणार?’’

‘‘टोमॅटो.’’

‘‘खोटं बोलू नको. सगळे टोमॅटोच सांगतात.’’

मग एकेक बाहेर निघू लागलं. टोमॅटो संपले की कांदा. कांदा संपला की खताची पोती. चुलतभावाच्या घराचं बांधकाम चालू आहे, तेव्हा थोड्या विटा. शेवटी, बराच वेळ जमिनीकडे बघून, ‘‘मामाचे बैल.’’

अप्पांनी बशी खाली ठेवली. मामा म्हणजे बैलगाडा शर्यतीवाले. सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या डिसेंबरात शर्यतींना परवानगी दिल्यापासून मामांचं घरी पाऊल ठरत नाही. जत्रेगणिक घाट आणि घाटागणिक बारी. ते बैल स्वतःच्या पायांनी फक्त घाटात धावतात. एरवी खाली मॅट अंथरून पिकअपमधून हिंडतात. ‘‘बैल हा हलणारा माल,’’ अप्पा म्हणाले. ‘‘कांदा वळणावर अंग टाकत नाही. बैल टाकतो. वऱ्हाड नेणारेस का?’’

‘‘कधीमधी...’’

‘‘मालाच्या गाडीत बसलेला माणूस इन्शुरन्सवाल्याच्या लेखी माल पण नसतो अन् माणूस पण नसतो. ध्यानात ठेव.’’

मग त्यांनी हिशेब मांडला. दीड टनी गाडी. 20 किलोच्या क्रेटनं सरळ भागाकार केला तर 75 क्रेट. पण रिकामं क्रेटसुद्धा दीड-दोन किलो भरतं, ते कुणी धरत नाही. ते धरलं की अडुसष्टाव्या क्रेटला कायदा संपतो. ‘‘आणि आपण भरतो किती?’’ अप्पांनी विचारलं. संतोष म्हणाला, एकशेवीस. मीही तोच आकडा मनात धरला होता. आमच्या गावात हा आकडा पाढ्यासारखा पाठ आहे. ओव्हरलोड पकडला तर दंड 20 हजारांपासून सुरू होतो आणि वर जादा टनाला दोन-दोन हजार, हेही सगळ्यांना पाठ आहे.

अप्पांचं सगळं शास्त्र या 68 आणि 120 च्या मधल्या जागेत राहतं. गाडीला दोन आकडे असतात असं ते मानतात. एक पासिंगचा, तो आरसी बुकात. दुसरा ‘बसतं’चा, तो बाजारात. शोरूमवाला पहिला आकडा मोठ्यानं सांगतो आणि दुसरा कानात. पाटे दुसऱ्या आकड्यासाठी मोजायचे असतात. एखादा पाटा आळेफाट्याला जाऊन वाढवला की हौदा बसत नाही. पण पाटा वाढवल्यानं ब्रेक वाढत नाही, चेसिस वाढत नाही आणि टायर तेच राहतात. हे अप्पांना पक्कं ठाऊक आहे आणि तरी ते पाटा वाढवायला सांगतात. इथे मला त्यांचं शास्त्र कळेनासं होतं.

गाड्यांची वंशावळ मात्र त्यांच्याइतकी कुणाला येत नसेल. 1986 मध्ये चारशेसात आली तेव्हा ते आठवीत नापास झाले होते, असं ते अभिमानानं सांगतात, जणू दोन्हींचा काही संबंध असावा. मग दोनशेसात. मग 2005 साली टाटांचा छोटा हत्ती, दोन सिलिंडरचा, पाऊण टनाचा. त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज मऊ होतो. ‘‘लेकरू होतं ते. त्याच्यावर दीड टन टाकला लोकांनी. रडलं नाही कधी.’’ मग बोलेरो सव्वा टनाची, दीडची, वन पॉइंट सेव्हन, मग दोन टनाची. मध्ये लेलँडचा दोस्त. मागच्या पिढीत लोक घराण्यांची नावं सांगत, अप्पा टनेज सांगतात.

त्यांना एकदाच निरुत्तर झालेलं पाहिलं, तेही जेमतेम मिनिटभर. आमच्या आळीतला एक मुलगा टेक्सासमध्ये इंजिनिअर आहे. त्यानं नवी फोर्ड एफ-250 घेतली आणि फोटो पाठवला. गाडीचं तोंड आमच्या ग्रामपंचायतीच्या दाराएवढं. सहा हजार सातशे सीसीचं डिझेल इंजिन. मागे ट्रेलर जोडला तर नऊ-नऊ टन ओढते म्हणे. अप्पांनी मोबाइल हातभर लांब धरून बघितला.

‘‘ओढते नऊ टन. हौद्यात किती?’’

व्हिडिओ कॉलवर मुलानं सांगितलं, मॉडेल बघून दीड, पावणेदोन टन.

अप्पांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे आपल्या वन पॉइंट सेव्हनएवढंच! अडीच लिटरच्या इंजिनात आपण जे करतो ते करायला याला पावणेसात लागतात.’’ ओढणं वेगळं आणि वाहणं वेगळं, ट्रेलरचं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, हे पोरानं समजावून पाहिलं. अप्पांना ते आधीच ठाऊक होतं. आपल्याकडे त्याला ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणतात. त्यांना रस दुसऱ्याच गोष्टीत होता. ‘‘आत्ता हौद्यात काय आहे, दाखव.’’ मुलानं कॅमेरा फिरवला. दोन पिशव्या किराणा आणि पाण्याचा एक खोका. महिन्यातून एकदा मित्राची बोट तळ्यावर ओढून नेतो, असं तो म्हणाला. बोट ओढायला गाडी, हे अप्पांनी दोन दिवस चावडीवर सांगितलं.

आपल्याकडे ओढणं म्हणजे टोचन. बंद पडलेल्याला चालू असलेल्यानं दोरानं बांधून न्यायचं. टोचनमध्ये मागच्या गाडीचा ड्रायव्हर सबंध रस्ताभर कुणाकडे बघत नाही, हे माझं निरीक्षण. अप्पांचं निरीक्षण असं, की टोचन ओढणारा मात्र ओळखीच्या प्रत्येकाला हॉर्न देतो.

पण गाडी निवडताना अप्पा ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ काढतात, तो ताकदीचा नाहीच. संतोष एकसारखा ‘पिकअपला पिकप कसा आहे’ हेच विचारत होता. अप्पांनी त्याला माळशेजचा घाट डोळ्यापुढे आणायला लावला. जुलै, धुकं, रस्त्यात मध्येच धबधब्याखाली भिजणारे पर्यटक. ‘‘आपला माल जातो कुठं? वाशीला. म्हणजे भरलेली गाडी उतरते, रिकामी चढते. आपल्या धंद्यात चढ नाहीच रे. थांबायचं किती जमतं ते विचार. जो गिअर चढायला लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा एक होता आपल्यात.’’ ते पुढे बोलले नाहीत. संतोषनंही पुन्हा पिकप काढला नाही.

मंचरच्या शोरूममध्ये सेल्समन पोरगं उत्साही होतं. त्यानं टचस्क्रीन दाखवली, मोबाइल चार्जिंग दाखवलं. अप्पा तोवर गाडीखाली गेले होते. टाइल्सवरून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

‘‘काका, कपडे खराब होतील.’’

खालून आवाज आला, ‘‘पुढच्याला डिस्क आहे. मागच्याला ड्रम. फाळक्याची कडी मात्र बारीक आहे.’’

तीन चकरा, दोन कोटेशनं आणि बँकेत एक भांडण, एवढं झाल्यावर गाडी ठरली. कोणती, ते लिहीत नाही. ज्यांनी दुसरी घेतली ते घरी येऊन भांडतील. पिवळी नंबरप्लेट, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. अप्पांनी नारळ बोनेटवर न फोडता मागच्या चाकापाशी फोडला.

निघताना कळलं की अप्पांच्या एम-एटीतलं पेट्रोल संपलंय. दुनियेच्या टनांचा हिशेब ठेवणारा माणूस लिटरचा विसरला, म्हणून मी हसलो. आम्ही फाळका पाडून एम-एटी हौद्यात चढवली आणि अप्पा आमच्यामध्ये केबिनमध्ये चेपून बसले. रिकामी पिकअप उडतेच. प्रत्येक गतिरोधकाला आमची डोकी छताला आणि मागे एम-एटीचा खडखडाट. संतोषचा चेहरा उतरत चालला.

‘‘वजन नाही ना म्हणून,’’ अप्पा शांतपणे म्हणाले. ‘‘कळंबला जरा बाजूला घे.’’

कळंबला पशुखाद्याच्या दुकानापुढे सरकी पेंडीची पोती आधीच बाहेर थप्पी लावून ठेवलेली होती. मोजली तर वीस, पन्नास किलोची. गाडी थांबल्याबरोबर हमालांनी न विचारता फाळका उघडला, एम-एटी एका कडेला सरकवली आणि भरायला सुरुवात केली. दुकानदार पावती घेऊन खिडकीशी आला.

‘‘या वेळी कोणती घेतली, अप्पा?’’

‘‘वन पॉइंट सेव्हन,’’ अप्पा म्हणाले, ‘‘मागच्या दीडपेक्षा बरी आहे.’’

कळंब सोडल्यावर गाडी एकदाही उडली नाही. नारायणगाव येईपर्यंत अप्पा संतोषच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपले होते.