अंगणात भुते पाळणारा गृहस्थ

हॅलोवीन, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी भुताखेतांची सोंगे घेतलेल्या मुलांनी दारोदार खाऊ मागण्याचा सण, घरीच साजरा करणारा गृहस्थ अमेरिकेच्या उपनगरांत सर्वत्र आढळतो. स्वतःचे घर, पुढे हिरवळ आणि शेजारी गाडी सोडून बाकी सर्व काही मावलेले गॅरेज, ही त्याची बाह्य लक्षणे. वर्षातले अकरा महिने तो चारचौघांसारखा असतो. कोळिष्टक दिसले की झाडू घेऊन धावतो आणि दारावरची घंटा वाजली की कपाळाला आठ्या घालून पडद्याआडून बघतो. ऑक्टोबर लागला की हाच मनुष्य पैसे मोजून कोळिष्टके विकत आणतो आणि ती खरी वाटावीत म्हणून झुडपांवर बोटांनी ताणून ताणून पसरतो.

या छंदाचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचे. हिवाळ्याच्या तोंडावर मृतांचे आत्मे फिरतात, अशी तिकडे समजूत होती. त्यांना पिटाळायला लोक सलगम पोखरून आत दिवा ठेवत. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश अमेरिकेत आले आणि तिथे सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. टणक सलगम पोखरणाऱ्यांना मऊ भोपळा पाहून केवढे हायसे वाटले असेल, हे गृहस्थ दरवर्षी सांगतो. बायको-मुले दरवर्षी प्रथमच ऐकल्यासारख्या माना डोलावतात.

भोपळा कोरणे हा त्याचा पहिला विधी. झाकण आत पडू नये म्हणून सुरी तिरपी धरायची, हे त्याला एक भोपळा वाया घालवल्यावर आठवते. आतला चिकट, दोरेदार गर काढायला मुलांना मोठ्या हौसेने बसवले जाते. दोन मुठींनंतर मुले पसार होतात आणि कोपरापर्यंत बरबटलेला गृहस्थ एकटा उरतो. बिया धुऊन, तेल-मीठ लावून ओव्हनमध्ये भाजणे हा उपविधी. त्या करपतात, तरी सगळ्यांना वाटल्या जातात. कोरलेला भोपळा फार दिवस टिकत नाही. खारी त्याचे कान कुरतडतात, आणि ज्या राक्षसाने पोरांना घाबरवायचे, तो तारीख उजाडेपर्यंत कवळी काढलेल्या आजोबांसारखा दिसू लागतो.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत या जातीची एक पोटजात आढळते. तिच्यातल्या गृहिणीला एवढा गर कचऱ्यात टाकणे जिवावर येते. ती घारगे करायला घेते. कोरायचा भोपळा पाणचट असतो. कणीक घालावी तितकी कमीच पडते, गूळ घालावा तर पीठ आणखी सैल होते, आणि शेवटी अख्ख्या गल्लीला पुरतील इतके घारगे तयार होतात. २०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली, तेव्हा या पोटजातीची विशेष धांदल उडाली. पहाटे अभ्यंगस्नान करून नरकासुराचा निकाल लावायचा आणि संध्याकाळी त्याच्याच भाऊबंदांना दारात खाऊ द्यायचा, असा दुहेरी कार्यक्रम होता.

दुसरा विधी सजावटीचा. थर्माकोलची थडगी आणि मातीतून वर आलेले रबरी हात ही प्राथमिक अवस्था. २०२० साली ‘होम डेपो’ या दुकानांच्या साखळीने १२ फुटी सापळा २९९ डॉलरला विक्रीस आणला आणि हा छंद बळावला. समोरच्याने सापळा उभा केला की गृहस्थाची झोप उडते. स्वतःचा सापळा आला, की नोव्हेंबरमध्ये तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न बायको विचारते. उत्तर नसल्याने डिसेंबरात त्यालाच सांताक्लॉजची टोपी घालतात.

मुख्य विधी ३१ तारखेच्या संध्याकाळी. पोर्चमधला दिवा चालू असेल तर या, बंद असेल तर पुढे चला, हा संकेत सगळ्या मुलांना ठाऊक असतो. दिवा बंद ठेवून आत भुताचे चित्रपट पाहणारी एक शाखा आहे. बाकीचे तिला कंजूष समजतात. दारी येणाऱ्या चिमुकल्या चेटकिणीला पाहून गृहस्थ नियमाप्रमाणे दचकतो. खाऊ फक्त कंपनीच्या वेष्टनातला चालतो. त्यामुळे वरचे घारगे मागे उभ्या असलेल्या आईबापांच्या हाती पडतात. छोट्या चॉकलेटांऐवजी अख्खी वडी देणाऱ्या घराची कीर्ती पोरांमध्ये दहा मिनिटांत पसरते. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी खेळणी ठेवणारे लोक दाराशी निळसर हिरवा भोपळा ठेवतात.

मुले परतल्यावर खाऊ विषारी नाही ना, याची तपासणी होते. अनोळखी माणसाने खाऊत विष घालून मूल मारल्याची एकही सिद्ध घटना समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांना अनेक दशकांच्या संशोधनात सापडलेली नाही. तरीही बाप प्रत्येक पुडी दिव्याखाली धरतो आणि शेंगदाण्याचे लोणी भरलेली चॉकलेटे हमखास संशयास्पद ठरवून स्वतः खातो.

रात्री हिशेब होतो: एकूण घंटा किती वाजल्या? एरवी घंटेवर डाफरणारा गृहस्थ आता तिची बेरीज करतो, आणि ती शेजाऱ्यापेक्षा कमी भरली तर पाऊस, शाळा आणि नगरपालिका यांना दोष देतो. १ नोव्हेंबरला उरलेला खाऊ ऑफिसात नेऊन ठेवला जातो. त्याच दिवशी दुकानांत सजावटीचे सामान अर्ध्या किमतीला निघते आणि पुढच्या वर्षीची खरेदी होते. त्यानंतर पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याच्या वर्तनात नोंद घेण्याजोगे काही आढळत नाही.