स्पोर्ट्‌स कारचे इंजिन बसल्यास: मालकांसाठी मार्गदर्शक सूचना

प्रस्तुत सूचना सर्व स्पोर्ट्‌स कार मालकांसाठी नाहीत. ज्यांच्या दारात अशा चार गाड्या आहेत आणि पाचवी बंदरात येऊन पडली आहे, त्यांनी हा मजकूर ड्रायव्हरकडे द्यावा. या सूचना त्या मध्यमवयीन सद्‌गृहस्थासाठी आहेत, ज्याने फ्लॅटचा शेवटचा हप्ता फिटल्यावर आणि मुलीच्या परदेशी शिक्षणाचा विषय निघण्याआधी तिसऱ्या हाताची पोर्शे बॉक्सटर घेतली, ‘‘नव्या एसयूव्हीच्या पैशांत पोर्शे मिळते, लोकांना माहीतच नसतं,’’ हे वाक्य प्रत्येक मुंजीत म्हणून दाखवले, आणि ज्याला आता ते लोकांना का माहीत नसते हे कळले आहे.

उदाहरणादाखल बॉक्सटरच घेण्याचे कारण असे की, तिच्या इंजिनाच्या मरणाचा अभ्यास जगभर झालेला आहे. इतरांनी आपापल्या गाडीचे नाव घालून वाचावे.

१. घटनास्थळी

इंजिन कुठे बसावे हे मालकाच्या हाती नसते. ते बहुधा खंडाळ्याच्या घाटात किंवा मेहुण्याच्या सोसायटीच्या फाटकात बसते. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा मागून भांडी पडल्यासारखा आवाज आला, की गाडी कडेला घेऊन किल्ली बंद करावी. ‘पुढच्या टोलनाक्यापर्यंत जाईल’ ही श्रद्धा आहे, आणि श्रद्धेने बेअरिंगला वंगण मिळत नाही. ‘एकदा सेल मारून बघतो’ हेही टाळावे. मोडलेला तुकडा अजून एकाच सिलिंडरमध्ये असेल, तर बाकीचे पाच त्याला दाखवून आणण्याची गरज नाही.

गाडी पाण्यात बंद पडली असेल, तर सेल मारणे सर्वथा वर्ज्य. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि मधल्या मधे कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून मुंबईच्या गॅरेजवाल्यांना हा धडा पाठ आहे. मालकांना तो दर पावसाळ्यात नव्याने द्यावा लागतो.

गर्दी जमेल. ‘‘बॉनेट उघडा’’ असा आदेश येईल. उघडावे. आत डिकी निघेल. ‘‘मागे असतं हो या गाड्यांचं,’’ असे एक जाणकार सांगतील. मागचे झाकण उघडावे. तिथेही डिकी निघेल. त्या डिकीत ऑइलचे एक आणि कूलंटचे एक अशी दोन बुचे तेवढी दिसतील. इंजिन सीटच्या पाठीमागे, मिटलेले छप्पर जिथे जाऊन बसते त्याच्या खाली बंदिस्त आहे आणि वरून कोणालाही दर्शन देत नाही, हे गर्दीला समजावण्याच्या भानगडीत पडू नये. ‘‘इंजिनच चोरीला गेलंय साहेब,’’ हे निदान तूर्त मान्य करावे. परिणामाच्या दृष्टीने ते फार चुकीचे नाही.

आता टोइंगचा हुक लागेल. तो पुढच्या डिकीत, हत्यारांच्या संचात असतो आणि बंपरवरची छोटी टोपी काढून आत पिळायचा असतो. नंतरच्या गाड्यांत पुढच्या झाकणाचे कुलूप विजेवर चालते आणि ती वीज देणारी बॅटरी त्याच झाकणाखाली असते. बॅटरी उतरली, की तिच्यापर्यंत पोचण्यासाठी आधी तीच चढवावी लागते. यावर जर्मन अभियंत्यांनी उतारा ठेवला आहे: पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्समधून एक टोक बाहेर ओढायचे आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून त्याला वीज द्यायची. हा विधी घाटात, टॉर्चच्या उजेडात, ‘‘इंजिन तर गेलं, आता दारं पण गेली का?’’ या पार्श्वसंगीतावर करायचा आहे. फ्लॅटबेडचाच आग्रह धरावा. ‘‘आम्ही इनोव्हा अशीच नेतो,’’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

२. मृत्यूचा दाखला

रडारड सुरू करण्यापूर्वी इंजिन खरोखर गेले आहे याची खात्री करावी. काही मालक जिवंत इंजिनाचे तेरावे घालून बसतात.

मागून पांढऱ्या धुराचे लोट निघत असतील, तर दोष बहुधा एअर-ऑइल सेपरेटर नावाच्या प्लॅस्टिकच्या डब्याचा असतो. तो फुटला की इंजिन तेल पिऊ लागते आणि सगळा प्रकार अंत्यविधीसारखा दिसतो. डबा बदलला की भागते. गाडी नुसतीच गप्प असेल, सेलही घेत नसेल, तर सीटखाली हात घालावा. पहिल्या पिढीच्या बॉक्सटरमध्ये चोरीला आळा घालणारे इलेक्ट्रॉनिक खोके तिथे असते. छपराच्या पाण्याच्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत येते आणि पहिल्यांदा तेच भिजते. अशा वेळी दोष इंजिनाचा नसून सोसायटीतल्या गुलमोहराचा असतो.

हे दोन्ही नसेल, तर ऑइल फिल्टर काढावा. आतला कागद ब्लेडने कापून, घड्या उलगडून पांढऱ्या फरशीवर पसरावा. चमचम दिसली, तर चुंबक फिरवावे. चिकटेल ते लोखंड, म्हणजे बेअरिंग. चिकटणार नाही ते अ‍ॅल्युमिनियम. काळे कुरकुरीत तुकडे म्हणजे साखळीला वाट दाखवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. मग स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा सोडून सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का ते पाहावे. हे सगळे होईपर्यंत ‘इंजिन उतरवावं लागेल’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला पाना हातात धरू देऊ नये.

लोखंड सापडले, तर मालकाला ‘आयएमएस’ ही तीन अक्षरे आयुष्यभर पुरतील. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टच्या साखळ्यांपर्यंत नेणारा एक मधला शाफ्ट (‘इंटरमीडिएट शाफ्ट’, म्हणजेच आयएमएस) या इंजिनात असतो. त्याच्या एका टोकाला एक बंदिस्त बॉल बेअरिंग आहे. ते झिजून फुटले, की साखळ्यांचा ताल सुटतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच वेळी एकाच जागी येतात आणि हातात मावणाऱ्या एका वस्तूपायी सबंध इंजिन जाते. १९९६ची बॉक्सटर आणि १९९७ची पहिली पाण्याने थंड होणारी ९११, दोघींच्या पोटात हीच रचना होती. अमेरिकेत २००१ ते २००५ दरम्यान बनलेल्या गाड्यांच्या मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१३मध्ये तडजोड झाली. कंपनीने पुढे बेअरिंग मोठे केले; ते जास्त टिकते, पण इतके मोठे आहे की इंजिन दुभंगल्याशिवाय बाहेर निघत नाही. २००९च्या मॉडेलपासून तो शाफ्टच काढून टाकला. आपली गाडी २००८ची आहे, हे वाचकाने एव्हाना ओळखले असेल.

३. सल्लागार मंडळ

पुढील व्यक्ती न बोलावता येतील. सर्वांना खुर्ची द्यावी, कोणालाही पेन देऊ नये.

सासरे: ‘‘जावईबापू, आमची चेतक तिरकी केली की सुरू व्हायची.’’ मान डोलवावी. मेहुणा: ‘‘भावोजी, मी तेव्हाच म्हटलं होतं, इलेक्ट्रिक घ्या.’’ त्याने तेव्हा फक्त ‘एक चक्कर मारू का?’ एवढेच म्हटले होते. पण वाद नको. सोसायटीचे चेअरमन: बंद वाहनाबाबतची नोटीस घेऊन येतील आणि जाताना गाडीसोबत फोटो काढतील. पुतण्या: ‘‘काका, अमेरिकेत यात सुबारूचं इंजिन टाकतात.’’ हे मात्र खरे आहे, आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक.

४. पर्याय

*(अ) कंपनीकडून इंजिन.* अंदाजपत्रक ई-मेलवर येते. ते उभ्याने उघडू नये. शेवटी ‘कस्टम्स व कर वेगळे’ अशी ओळ असते. ती वाचून झाल्यावरही काही वेळ बसून राहावे.

*(ब) जुने इंजिन.* अपघातात गेलेल्या गाडीचे मिळते. ‘‘मक्खन आहे साहेब’’ या शब्दापलीकडे वॉरंटी नसते. पहिल्या इंजिनाला ज्या बेअरिंगने नेले, तेच याच्याही पोटात असणार, तेव्हा बसवण्याआधी त्याचीही चौकशी करावी. बिल घ्यावे. आरटीओची परवानगी घेऊन नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो, आणि त्या नंबराचे मूळ मालक पोलिसांत जाऊन आलेले असतील, तर बॉक्सटर हा आपला दुय्यम प्रश्न होतो.

*(क) इंजिन खोलून दुरुस्ती.* हा मानी माणसाचा मार्ग. मेकॅनिक म्हणेल, ‘‘बोअर मारून आणतो, लेथवाला ओळखीचा आहे.’’ लेथवाल्याच्या कौशल्याबद्दल शंका नाही. पण या सिलिंडरच्या भिंती साध्या बिडाच्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन मुरवून केलेल्या आहेत. नेहमीसारखे बोअरिंग केले की त्यांचा गुणच जातो. योग्य लेप दिलेल्या स्लीव्ह बसवाव्या लागतात. कनेक्टिंग रॉडचे बोल्टही एकदा सोडले की पुन्हा वापरायचे नसतात. ‘‘असू द्या, चांगले आहेत की,’’ हे वाक्य ऐकू येताच गाडी ट्रेमध्ये भरून घरी आणावी.

*(ड) दुसऱ्याच जातीचे इंजिन.* पुतण्याचा पर्याय. आपल्याकडे वाहनाच्या नोंदणीतल्या मूळ घडणीत मनमानी बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितले. पुतण्याला निकालाची प्रत वाढदिवसाला भेट द्यावी.

*(इ) विमा.* मालक पॉलिसी प्रथमच वाचतो तो हा क्षण. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड बसत नाही. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द तिथे भावनिक अर्थाने वापरलेला आहे. इंजिनात पाणी गेल्याचे पैसे मिळायला वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि ते बहुधा नव्या गाड्यांनाच देतात. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. पण त्यासाठी आधी दावा मान्य व्हावा लागतो.

*(ई) आहे तशी विकणे.* फोनवर येणारा प्रत्येक गिऱ्हाईक सुरुवातीला ‘इंजिन सोडून बाकी कशी आहे?’ असे विचारील. मालक भावुक होऊन सीटच्या लेदरबद्दल बोलू लागतो. तेवढ्यात भाव आणखी खाली येतो.

*(उ) कव्हर घालून ठेवणे.* व्यवहारात बहुसंख्य मालक हाच पर्याय निवडतात, किंबहुना तो निवडावाच लागत नाही, आपोआप लागू होतो. ‘दिवाळीनंतर बघू’ हे त्याचे बीजवाक्य. कोणती दिवाळी, हे मोघम ठेवायचे असते. उभ्या गाडीला खर्च नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात टायर एका बाजूने चपटे होतात, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, टाकीतले पेट्रोल शिळे होते आणि वायरिंगच्या वेष्टनावर उंदरांची पुढची पिढी वाढते. मग नोंदणीला १५ वर्षे पूर्ण होतात. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. जी गाडी वर्षानुवर्षे एक ग्रॅम धूर सोडू शकलेली नाही, तिच्या मालकाने हा कर कोणत्या चेहऱ्याने भरायचा, याबाबत नियमांत मार्गदर्शन नाही.

५. हिशेब

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे दुरुस्तीचा खर्च, उजवीकडे दुरुस्त गाडीची बाजारातली किंमत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण याच आकृतीवरून पडली असावी. इथे मालकाची प्रकृती बिघडते आणि तो उजव्या रकान्यात भर घालू लागतो: गेल्या वर्षी बसवलेले टायर, नवे छप्पर, जर्मनीहून मागवलेला म्युझिक सिस्टिमचा भाग. एवढं घातलंय, आता कसं सोडायचं?

हे पैसे खोडावेत. ते गाडी दुरुस्त केली तरी परत येणार नाहीत आणि विकली तरी परत येणार नाहीत. ज्या रकमेवर दोन्ही निर्णयांचा काडीचा परिणाम होत नाही, ती रक्कम निर्णयात बसवणे म्हणजे गेल्या निवडणुकीतली मते या निवडणुकीत मोजणे. बुडत्याचा पाय खोलात जातो तो याच रकान्यातून.

खोडाखोड झाल्यावर कागदावर दोन आकडे उरतील: आज बंद अवस्थेत गाडीचे काय येतील, आणि ती चालू करायला किती लागतील. ते घेऊन स्वयंपाकघराकडे जावे.

६. घरच्या आघाडीवर

दोन्ही आकडे एकदम सांगावेत. हप्त्याहप्त्याने सत्य सांगणाऱ्याला व्याजासकट ऐकून घ्यावे लागते. रागाची तयारी ठेवावी. पण जी बाई इतकी वर्षे घरखर्चाची वही लिहीत आली आहे, ती रागावण्याआधी बहुधा प्रश्नच विचारते.

‘‘अहो, समजा ही गाडी आपली नाहीच. समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणीतरी अशीच, बंद पडलेली, विकायला काढलीय. इंजिनाला किती लागणार हे तुम्हाला माहितीय. तर तुम्ही घ्याल?’’

सर्व तज्ज्ञांचे सर्व सल्ले या प्रश्नापुढे फिके आहेत, कारण यात मागचे टायर नाहीत, छप्पर नाही आणि मुंजीतले वाक्यही नाही. विचार न करता तोंडातून जे पहिले उत्तर निघेल, तेच ग्राह्य धरावे.

उत्तर ‘छे, मी कशाला घेईन?’ असे आले, तर गाडी त्याच आठवड्यात विकावी. बेअरिंग गेले आहे, हे गिऱ्हाइकाला लेखी सांगावे. झोप चांगली लागते. विकल्यावर ‘कशी चाललीय?’ म्हणून फोन करू नये.

उत्तर ‘बघू’ असे आले, तर पर्याय (उ) लागू झाला आहे. कव्हर जाड घ्यावे.

आणि उत्तर ‘कितीला देतोय तो?’ असे आले, तर हिशेबाचा कागद फाडून टाकावा आणि गॅरेजला फोन लावावा. हा गृहस्थ आता दुरुस्ती करत नाही, तीच गाडी दुसऱ्यांदा विकत घेतो आहे. फरक इतकाच की या वेळी त्याला बेअरिंगचे नाव माहीत आहे. त्याला समजावण्यात वेळ घालवू नये. फक्त एक आठवण करून द्यावी: क्लचही याच वेळी बदलून घ्या, गिअरबॉक्स उतरवलेलाच आहे.