एक ‘करणे’ पुरे

मराठी माणसाने इंग्रजीतली नामं हवी तितकी उचलली. क्रियापदांसाठी मात्र फारशी खटपट केली नाही. गरजच नव्हती. मुलगी तबल्याची प्रॅक्टिस करते, भावजी फोन रेकॉर्ड करतात, काका न विचारता ॲडव्हाइस देतात. आलेल्या शब्दामागे करणे, देणे, काढणे यांतलं एक जोडलं की झालं काम. फजिती होते ती हाच माणूस कागदावर इंग्रजी लिहायला बसतो तेव्हा.

आमच्या कचेरीत येणाऱ्या बहुतेक ईमेलचा शेवट ‘प्लीज ॲडव्हाइस’ने होतो. सी-ई लावून. सल्ला द्या म्हणायचं तर एस-ई हवं, आणि उच्चारही ‘ॲडव्हाइझ’ असा. नाम लिहिलं की उरतं फक्त ‘कृपया सल्ला’. ‘माई, भाकरी!’च्या चालीवर वाचून पाहा. वरून उत्तर येतं त्यातही सी-ईच असतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

इथे निदान कान तरी मदतीला येतो. लायसन्समध्ये तीही सोय नाही. ब्रिटिश पद्धतीत नाम सीचं, क्रियापद एसचं, आणि उच्चार दोन्हीचा एकच. आपला १९८८चा मोटार वाहन कायदा इमानेइतबारे सी लिहितो. आरटीओसमोरच्या एजंटांच्या पाट्या मात्र पाहण्यासारख्या असतात: आधी सी मग एस, आधी एस मग सी, दोन्हीकडे सी, दोन्हीकडे एस. लायसन्स सगळ्यांकडे सारखंच निघतं, आणि सारख्याच भावात.

अमेरिकेत नोआ वेबस्टरने १८२८च्या कोशात नाम-क्रियापदांचं स्पेलिंग एकच ठेवायचा आग्रह धरला. छान! मग लायसन्सला दोन्हीकडे एस आणि प्रॅक्टिसला दोन्हीकडे सी, हे कशासाठी? एवढी सुधारणा करायची आणि पोरांच्या पाठांतराची सोय शाबूत ठेवायची, याला म्हणतात शिक्षणतज्ज्ञ.

अफेक्ट-इफेक्टबद्दल शाळेत सांगतात की ए क्रियापदाचा आणि ई नामाचा. मग कचेरीत बदलीचा आदेश निघतो आणि ई चक्क क्रियापद होऊन बसतो: ‘ट्रान्सफर इज इफेक्टेड’, म्हणजे बदली अमलात आली. एकदा टंकलेखकाचं बोट ए वर पडलं. ज्याची रवानगी सिरोंच्याला व्हायची होती त्याने शब्दकोश उघडून लेखी हरकत घेतली: ‘माझ्या बदलीवर परिणाम झाला आहे, बदली झालेली नाही.’ साहेबांनी हरकत वाचली, मान डोलावली आणि संध्याकाळच्या आत सुधारित आदेश काढला, ‘विथ इमिजिएट इफेक्ट’. त्यातला ई अगदी बिनचूक होता.

उरल्या त्या एकाच स्पेलिंगच्या जोड्या: रेकॉर्ड, ऑब्जेक्ट, परमिट. नाम असेल तर जोर शब्दाच्या पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. आपल्या तोंडी हा भेद येत नाही. आपण सगळी अक्षरं एकाच पंगतीला बसवतो. मुंबईच्या १९४९च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परमिट दिलं आणि पुढे आपण त्याची परमिट रूम केली. हे नाम. म्हणजे नियमाने ‘पर’वर जोर देऊन आत शिरायला हवं. दुसऱ्या पेगनंतर जोर हवा त्या अक्षरावर पडतो आणि शेजारच्या टेबलावरचे इंग्रजीचे मास्तरसुद्धा ऑब्जेक्शन घेत नाहीत.