लालभडक आणि अस्सल

महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की एखाद्या टपरीवर ‘अस्सल कोकम सरबत’ लालभडक चमकतं. बिचारं खरं आमसूल पाण्यात गुलाबी-जांभळं उतरतं. पण गिऱ्हाइकाला निसर्गच भेसळीचा वाटतो! मग पडतो चिमूटभर रंग. कायद्याची मर्यादा बहुतेक पदार्थांत किलोला 100 मिलिग्रॅम. चिमटीला मात्र वजनकाटा नसतो. 2022मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं, की ‘अल्युरा रेड’ हा लाल रंग दीर्घकाळ पोटात गेलेल्या उंदरांच्या आतड्यांचा दाह बळावतो. माणसांचं अजून ठरायचंय. तोवर उंदरांचं काम आपण पदरचे पैसे मोडून करतो, आणि पोटात आग पडली की उतारा म्हणून पुन्हा कोकमच मागतो. तेही लालभडकच!