रोज दोन प्रकरणं, जेवणानंतर

अमेरिकेत बॉथेलला मुलाकडे आलेल्या पुणेकर वडिलांचे पहिले आठ दिवस झोपेत जातात, पुढचे आठ डिशवॉशरमध्ये भांडी कशी रचावीत यावरून सुनेशी होणाऱ्या मतभेदांत. मग उरतात साडेपाच महिने. गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही, दिसलाच तर हसून पुढे जातो. बँकेतून निवृत्त झालेले असेच एक आजोबा या फुरसतीत गावातल्या लायब्ररीत गेले आणि व्हिक्टर ह्यूगोची १८६२ सालची कादंबरी बगलेत मारून आले. इंग्रजी अनुवाद, बाराशेच्या वर पानं.

निवडीमागे हिशेब होता. प्रकरणं ३६५, हातात दिवस १६५. रोज दोन, रक्तदाबाच्या गोळीसारखी जेवणानंतर. उरलेली ३५ शनिवार-रविवारी जादा.

"लेस मिझरेबल्स," आजोबांनी घरात जाहीर केलं.

"ले मिझेराब्ल," शाळेत फ्रेंच शिकणारी नात म्हणाली. "शेवटचा एस म्हणायचा नसतो."

"मग छापलाय कशाला?"

पहिला आठवडा एका सज्जन बिशपच्या सहवासात गेला. चौदा प्रकरणं संपली तरी नायकाचा पत्ता नाही. शेवटी ज्याँ वाल्ज्याँ आला. पाव चोरला म्हणून पाच वर्षं, आणि पळायचे प्रयत्न केले म्हणून वाढत वाढत एकोणीस. आजोबा हळहळले. चक्रवाढ व्याज त्यांना लगेच कळतं.

पुढे वॉटर्लू लागलं. दुसऱ्या भागाच्या तोंडाशी ह्यूगो कथा खुंटीला टांगतो आणि १९ प्रकरणं नेपोलियनच्या लढाईत घालवतो.

"वाल्ज्याँ कुठवर आला?" मुलाने ऑफिसातून आल्यावर विचारलं.

"तो नाहीये सध्या. लेखक वॉटर्लूला गेलेत."

सलग दहा दिवस हेच उत्तर मिळालं. आजोबांची तक्रार मात्र नव्हती. कीर्तनात बुवा आख्यान सोडून भलतीकडे गेले म्हणून कुणी उठून जात नाही. नातीने २०१२चा सिनेमा सुचवला, दोन तास अडतीस मिनिटांत सगळं संपतं म्हणाली. आजोबांनी त्याची गणना गाइडांत केली.

आजोबांचा आणि फ्रेंचांचा संबंध काय, असं तिला वाटे. तेव्हा त्यांनी फाल्गुनराव काढला. मोलिएरने १६६० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर एक संशयी नवरा आणला. १७६१ मध्ये आर्थर मर्फीने त्याला लंडनचा केला. तिथून गोविंद बल्लाळ देवलांनी तो फाल्गुनराव म्हणून मराठीत आणला आणि १९१६ मध्ये पदं जोडून त्याचं 'संशयकल्लोळ' झालं. नवऱ्याची भाषा बदलली, पोशाख बदलला; घोटाळा करणारी तसबीर मात्र कुठल्याच नाक्यावर हरवली नाही. हरिभाऊ आपट्यांचा 'मारून मुटकून वैद्यबुवा' मोलिएरचाच, अत्र्यांचा 'कवडीचुंबक'ही त्याचाच. कंजूष, संशयी आणि भोंदू वैद्य ही मंडळी आपल्याकडे आधीच मुबलक होती, फक्त नावं बदलावी लागली. ह्यूगो मात्र मोलिएरइतका मराठीत मुरला नाही. वॉटर्लूचा दोष असावा.

ऑक्टोबर आला. संध्याकाळी बॉथेलच्या विद्यापीठाच्या आवारातल्या पाणथळीवर कावळे उतरू लागले. ऐन हंगामात सोळा हजारांपर्यंत असतात. पुण्यात पिंडाला शिवायला एक मिळवताना गुरुजींची कोण तारांबळ उडते! आजोबा खिडकीत उभे राहून बघत, आणि नेमकी त्याच आठवड्यात गोष्ट पॅरिसच्या गटारांत उतरली. वाल्ज्याँ खांद्यावर जखमी तरुण घेऊन आत शिरतो, आणि त्याला तिथेच सोडून ह्यूगो गटारांचा इतिहास सांगतो. महापालिकेच्या अहवालात नसेल इतका. सुनेने जेवताना तो विषय बंद करायला लावला.

निघायच्या आदल्या दिवशी ३६५वं प्रकरण संपलं. आजोबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग पुस्तक परत करायला गेले आणि येताना प्रूस्तची चौकशी करून आले.

प्रूस्तच्या कादंबरीचे खंड सात आहेत. पहिला १९१३ मध्ये आला, शेवटचा १९२७ मध्ये. लेखक त्याआधीच, १९२२ मध्ये गेला. अमेरिकेतला मुक्काम वाढवून घ्यायचा अर्ज आय-५३९. त्यासोबत कारण लेखी द्यावं लागतं.