सोडतीत लागलेलं रोम

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एक रोम आहे. लोकसंख्या अडतीस हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडे असतं तर 'क' वर्ग नगरपरिषद मिळाली असती. सम्राट नाही, पोप नाही. टेकड्या मात्र मोजून सात. १८३४ मध्ये पाच कारभाऱ्यांनी गाव वसवताना आपापल्या पसंतीच्या नावाच्या चिठ्ठ्या हॅटमध्ये टाकल्या. त्यांत वॉर्सा होतं, हॅम्बर्गही होतं. निघालं रोम.

नावाआधी जमिनीचीही सोडत झाली होती. १८३२ मध्ये जॉर्जिया सरकारने तिथल्या मूळनिवासी चेरोकी लोकांच्या जमिनी लॉटरीने गोऱ्यांना वाटल्या. चेरोकींचे प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनहून घरी आले, तर लॉटरी लागलेला इसम त्यांच्याच घरात बिऱ्हाड थाटून बसलेला. म्हाडाच्या सोडतीत घर लांब असेल, गळकं असेल, पण आधीचं कुटुंब आत जेवत बसलेलं नसतं.

अशा गावाला वंशावळ लागतेच. ती १९२९ मध्ये इटलीहून आली. कृत्रिम रेशमाच्या इटालियन गिरणीच्या निमित्ताने मुसोलिनीने दंतकथेतल्या रोम-संस्थापक जुळ्यांना, रोम्युलस-रेमसला, दूध पाजणारी ब्राँझची लांडगीण भेट पाठवली. बसवल्यावर लक्षात आलं की बाळं नागडी आहेत! मग मोठा कार्यक्रम असला की बाळांना लंगोट आणि आईला पांघरूण. १९३३ मध्ये एक बाळ चोरीला गेलं; इटलीहून दुसरं आलं. १९४० मध्ये मुसोलिनी युद्धात उतरला, पुतळा फोडायच्या धमक्या आल्या आणि लांडगीण अज्ञातवासात गेली. १९५२ मध्ये ती सन्मानाने परतली. हुकूमशहाचा आहेर पवित्र व्हायला बारा वर्षं पुरतात. पांडवांनाही अज्ञातवासासकट तेरा लागली होती.

आता गावच्या बेसबॉल संघाचं नाव आहे 'एम्परर्स'. बोधचिन्हात सीझर शोधू नका, तिथे एम्परर पेंग्विन आहे. दोन हजार वर्षांची परंपरा चालवायची म्हणजे कुणाला तरी उभं करावंच लागतं, आणि पेंग्विन वारसाहक्काचा दावा लावत नाही.

चेरोकींनाही गाव विसरलेलं नाही बरं का. १८३८ मध्ये त्यांना सैन्य लावून पश्चिमेकडे हाकललं, वाटेत हजारो मेले. त्यांचे नेते मेजर रिज यांच्या घराचं मात्र आज छान संग्रहालय केलं आहे. माणसं हटवली की वारसा जपणं फार सोपं जातं.